सदतीसला एक

पावसाळा लागला की पुण्या-बंगळूरकडच्या ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "अगं, ती दूधसागरवरून जाणारी गाडी कुठली? आणि खिडकी कुठल्या बाजूची घ्यायची?" मी गाडी सांगते. बाजू सांगत नाही, कारण खिडकीवरून नवराबायकोत जुंपलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे आणि त्या भांडणात मला माझं नाव नको.

गोव्यातल्या आमच्या कुडचड्यात तिला कुणी दूधसागरची गाडी म्हणत नाही. ती घाटावरची गाडी. घाटावर म्हणजे लोंढा, बेळगाव, धारवाड. जिथून भाजी येते, जिथं शिकायला माणसं गेली, जिथं लेकी दिल्या आणि जिथून सुना आणल्या. धबधबा वाटेत लागतो, तसा कुणाच्या वाटेत बाजार लागतो, कुणाच्या देऊळ. कुळ्यापासून कॅसलरॉकपर्यंतच्या 26 किलोमीटरच्या घाटाला गाडी तासाहून जास्त वेळ घेते. त्यात दूधसागर समोर दिसतो तो काही मिनिटं, आणि गाडी त्याच्या पुलावरून जाते तेव्हा तर डब्यात एवढी आरडाओरड असते की पाण्याचा आवाजही ऐकू येत नाही. उरलेल्या वेळेचं कुणी काही विचारत नाही.

बेळगावला मावशीकडे जायचं असेल तर खरं म्हणजे बस सोयीची. अनमोडच्या घाटातून किंवा चोर्ल्यावरून गेलं की दुपारच्या जेवणाला आरामात पोचता येतं. तरी मी जमेल तेव्हा गाडीच धरते. बसच्या वळणांनी पोट ढवळतं हे एक कारण, आणि दुसरं हे की बसमध्ये घाट कळत नाही. बसचा ड्रायव्हर गिअर बदलतो, इंजिन जरा कण्हतं, आपण डुलकी घेतो, डोळे उघडतो तो कर्नाटक. गाडीत मात्र आपण चढतोय हे विसरताच येत नाही.

कुडचड्याचं स्टेशन नावाला सावर्डे-कुडचडे. दोन गावं, मधून जुवारी. स्टेशन पडतं आमच्या कुडचड्यात, नाव आधी सावर्ड्याचं. यावरून वाद घालणारी माणसं अजून शिल्लक आहेत आणि त्यांची बाजू घेण्याइतका वेळ मला नाही. लहानपणी या स्टेशनाचा रंग एकच होता, खनिजाच्या लाल मातीचा. प्लॅटफॉर्म लाल, पिंपळाची पानं लाल, पांढरा शर्ट घालून गेलेला माणूस संध्याकाळी लालसर होऊन यायचा. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या चालल्या, 2018 मध्ये पुन्हा बंद झाल्या, आणि बाजारातल्या अर्ध्या दुकानांची तोंडं उतरली. पिंपळ मात्र हिरवा झाला. आता या रुळावरून जो माल जातो तो उलट दिशेचा आणि काळा. मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा वॅगनी भरभरून घाट चढतो आणि बळ्ळारीकडच्या पोलाद कारखान्यांना जातो. रिकाम्या वॅगनी खडखडत परत येतात.

काले गेलं की शेतं आखडतात, झाडं जवळ येतात. कुळ्याला गाडी थांबते आणि मग थांबूनच राहते. नव्या प्रवाशाला वाटतं, काहीतरी बिघडलं. सरावलेली माणसं खाली उतरतात.

या थांब्यात जे घडतं ते बघण्यासारखं असतं, पण ते शेवटच्या डब्याच्या मागे घडतं, म्हणून फारसं कुणी बघत नाही. इथून पुढे चढण आहे सदतीसला एक. सदतीस मीटर पुढं गेलात की एक मीटर वर. पायी चालणाऱ्याला हा उतार वाटणारही नाही, आपल्या घरासमोरचा रस्ता याहून उभा असेल. पण लोखंडाचं चाक लोखंडाच्या रुळावर एवढ्या सलग चढणीला पकड धरत नाही, त्यातून पावसात रूळ ओले आणि वर कुजलेल्या पानांचा लगदा. पुढच्या इंजिनाने सगळी गाडी एकट्याने ओढायची म्हटलं तर एक तर चाकं जागच्या जागी गरगरतील, नाही तर डब्यांमधल्या कपलिंगवर नको तेवढा ताण येईल. म्हणून मागून ढकलायला इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. कुळ्याच्या यार्डात ही इंजिनं उभीच असतात, गाडी वर पोचवायची आणि परत खाली यायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. दिल्ली नाही, हावडा नाही. कुळे ते कॅसलरॉक, कॅसलरॉक ते कुळे.

बँकर मागून येऊन टेकतं तेव्हा सगळ्या गाडीतून एक धक्का सरकत जातो. शेवटच्या डब्यात बसलात तर तो पाठीत बसतो. मधल्या डब्यात बाटलीतलं पाणी नुसतं हलतं. मग एक माणूस रेनकोटची टोपी मागे टाकून डब्याच्या आणि इंजिनाच्या मधल्या फटीत वाकतो, जोडणी करतो, नळ्या जोडतो, हात फडक्याला पुसतो आणि गार्डाकडे बघून नुसता अंगठा वर करतो. पुढचं इंजिन शीळ घालतं. मागची उत्तर देतात. पुढच्या आणि मागच्या चालकांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, मध्ये वळणं आहेत, बोगदे आहेत, पण एकाने ओढायचं आणि दुसऱ्याने ढकलायचं ते एका लयीत. ती लय चुकली की मधल्या डब्यातल्यांना कळतं.

तोवर प्लॅटफॉर्मवर भाजी-पाव होतो. पाव सकाळचा असेल तर नशीब, उंडा, म्हणजे गोल कडक पाव, मिळाला तर फारच नशीब. पातळ भाजीत बटाटा किती आणि वाटाणा किती हे त्या दिवशीच्या बाजारावर. मी मिरचीचं भजं त्यात बुडवून खाते. यावर आमच्या घरात मतभेद आहेत.

एकदा कुळ्याला माझ्यासमोर एक म्हातारी येऊन बसली. वर करंझोळकडे कामाला असलेल्या मुलाकडे निघाली होती, पायाशी गोणपाटात बांधलेले नारळ आणि उकड्या तांदळाची पिशवी. पलीकडच्या बाकावर हुबळीचा की गदगचा एक तरुण घड्याळ बघत होता. गाडी निघाली, पाच-दहा मिनिटं झाली, पण झाडं काही मागे पळेनात. तो कुणाला तरी फोनवर इंग्रजीत सांगत होता की ही गाडी चालतच नाहीये. म्हातारीला इंग्रजी येत असेल असं वाटत नाही, पण सूर कळला असावा. माझ्याकडे बघून म्हणाली, "गाडी धांवना गो बाये, चडटा."

ही रेल्वे झाली ती मिठाच्या सौद्यात, हे मला बरंच उशिरा कळलं. शाळेत आम्हांला गोव्याचा इतिहास म्हणजे अल्फोन्सो द अल्बुकर्क आणि मुक्तिलढा. मधली साडेचारशे वर्षं दोन धड्यांत. पोर्तुगाल आणि ब्रिटन यांच्यात 1878 च्या डिसेंबरात एक करार झाला. त्याप्रमाणे मुरगावला बंदर बांधायचं आणि तिथून ब्रिटिश हद्दीपर्यंत रेल्वे न्यायची असं ठरलं. बदल्यात गोव्यातल्या मिठाचा ताबा ब्रिटिशांकडे गेला. आपल्या मिठावर कर आणि गोव्याचं मीठ स्वस्त, हे त्यांना खपत नव्हतं. पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये भरपाई मिळाली. मिठागरांवर राबणाऱ्यांना काय मिळालं त्याचा आकडा करारात नसतो.

रेल्वे कंपनी लंडनची, भांडवल इंग्रजांचं, आणि त्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी पोर्तुगीज तिजोरीची. धंदा होवो न होवो, भागधारकाला पैसे मिळणार. म्हणून नावातच 'गॅरंटीड' होतं: वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे. घाटाला नाव मिळालं पोर्तुगालच्या राजघराण्याचं, ब्रागांझा. 1888 साली रूळ हद्दीवरच्या कॅसलरॉकला भिडले. मीटर गेज. दख्खनचा कापूस, धान्य मुंबईला न जाता मुरगावला उतरेल, असा सगळ्यांचा हिशेब होता. तो जमला नाही. करार 1892 मध्ये संपला आणि पुन्हा झाला नाही, माल आला तो अपेक्षेपेक्षा फारच कमी, आणि व्याज मात्र दर वर्षी जात राहिलं. 1902 मध्ये ही लाइन चालवायला सदर्न मराठा रेल्वेकडे दिली गेली.

माल खाली आला नाही. माणसं मात्र वर गेली. गोव्यात पोट भरत नव्हतं, आणि घाटापलीकडे मुंबई होती. स्वयंपाकी, शिंपी, बँडवाले, आगबोटीवर नोकरी धरणारे, देवळांच्या आवारात गाणं शिकलेले गायक-वादक, सगळे एक तर पणजीहून बोटीने गेले, नाही तर या घाटातून. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण होईपर्यंत गोव्याला बाहेर काढणारा सलग रूळ हा एकच होता. मुंबईला जायचं म्हणजे आधी पूर्वेला, डोंगर चढून, मग उत्तरेला, आणि मिरजेला गाडी बदलायची. शेजारच्या सावंतवाडीहून मुंबई जितकी लांब, त्याच्या कितीतरी जास्त लांब वाटावी अशी ती वाट. मिरजेच्या प्लॅटफॉर्मवर ट्रंकेवर बसून काढलेल्या रात्रीची गोष्ट आमच्या ओळखीतल्या प्रत्येक घरात आहे, आणि प्रत्येक घरात ती थंडीचीच आहे. उन्हाळ्यात कुणी मिरजेला गेलंच नसावं.

माझ्या आजीचा घाट वेगळा होता. तिची धाकटी बहीण बेळगावात शहापूरला दिलेली. कॅसलरॉकच्या अलीकडे पोर्तुगीज राज्य, पलीकडे इंग्रजांचं, मग भारताचं. म्हणजे बहिणीकडे जायचं तर सरहद्द ओलांडायची. जकातीवाले सामान उघडायला लावत. गोव्यात परदेशी माल स्वस्त, तो लपवून वर नेणारे पुष्कळ, म्हणून तपासणी कडक. गणेश चवथीनंतर आजी नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा घेऊन निघाली होती. शिपायाने डबा उघडला, एक नेवरी उचलली, हलवून पाहिली आणि मोडली. आत खोबरं. दुसरी मोडली. त्यातही खोबरं. त्याने ती खाल्ली की नाही यावर गोष्टीच्या आवृत्ती बदलत, पण आजीचं वाक्य तेच असे: "मेल्यान नेवरी मोडून पळयली!" पळयली म्हणजे पाहिली. पोर्तुगीज राजवटीबद्दल तिची एवढी एकच तक्रार मी ऐकली आहे, आणि तो शिपाई बहुधा पलीकडचा असावा.

मग 1955 मध्ये भारताने आर्थिक नाकेबंदी केली आणि गाड्या थांबल्या. सरहद्दीपलीकडे जायची सोय राहिली नाही. रूळ होते तिथेच होते, घाट तिथेच, बहीण तिथेच. गोवा मुक्त झाला तो 19 डिसेंबर 1961 रोजी. मधल्या काळात बहिणीच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं आणि आजी गेली नाही. ती पुढे कधीही त्या भाचीकडे गेली की तिला नवी साडी द्यायची. कशाबद्दल हे कुणी विचारत नसे. ज्या मावशीकडे मी आता जाते ती त्या भाचीची धाकटी बहीण. तिला साडी मिळत नसे, आणि ते ती अजून विसरलेली नाही.

कुळ्यानंतरचं पहिलं स्टेशन सोनावळी. स्टेशन म्हणजे जंगलात रुंद केलेली थोडी जागा, दोन रूळ जास्तीचे आणि एक खोली. इथे उतरून जायला गाव असं जवळ दिसत नाही. इथेच आमची गाडी हमखास अडकते. घाटात एकच मार्ग. वरून मालगाडी उतरत असेल तर ती येईपर्यंत आपण बाजूला उभं राहायचं, खालून कोळशाची गाडी आधीच चढत असेल तर ती वर पोचेपर्यंत आपल्याला सिग्नल नाही. कोळशाच्या गाडीला मागे-पुढे मिळून इंजिनंच इतकी असतात की ती आवाज करत शेजारून जाते तेव्हा बोलणं थांबवावं लागतं. ती कधी संपतच नाही असं वाटतं. वॅगनींच्या कडांवर काळा चिखल, त्यातून काळं पाणी गळतंय. शेवटचं इंजिन गेल्यावर पावसाचा आवाज परत येतो, आधी पानांवरचा, मग पत्र्यावरचा.

अशा एका खोळंब्यात मी ट्रॅकवर काम करणाऱ्या एकाशी बोलत होते. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा आणि पाना, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, बुटांच्या वर मिठाचा आणि तंबाखूचा लेप. "जळवांना," तो म्हणाला. माणूस सोलापूरकडचा. पहिल्या पावसाळ्यात, म्हणाला, रडायचाच बाकी होतो. आठ-आठ दिवस सूर्य नाही, कपडे वाळत नाहीत, डाळीला बुरशी येते. भाजी, पीठ, गॅसचं सिलिंडर, सगळं गाडीनेच यायचं. पावसाळ्यात त्यांचं काम म्हणजे रूळ बघत चालणं. कुठे खिळा सैल, कुठे दगड घरंगळलाय, कुठे कडेच्या भिंतीतून गढूळ पाणी यायला लागलंय. गढूळ पाणी वाईट, हे त्याने मला नीट समजावून सांगितलं. पांढरं पाणी किती का येईना, ते डोंगरावरून येतं. गढूळ पाणी डोंगराच्या आतून माती घेऊन येतं.

त्याचं म्हणणं किती खरं आहे ते 23 जुलै 2021 ला दिसलं. चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला होता, कोकण रेल्वे बंद होती, म्हणून मंगळूरहून मुंबईला जाणारी गाडी मडगावहून या घाटाने वळवली. दूधसागर आणि सोनावळीच्या मध्ये दरड आली आणि तिचं इंजिन नि पहिला डबा घसरला. कुणाचा जीव गेला नाही. गाडी वेगात असती तर काय, हा विचार त्या बातमीच्या दिवशी घाटावर माणूस असलेल्या प्रत्येक घरात झाला असणार.

म्हणून या गाडीच्या संथपणाचं जे कौतुक होतं, निवांत, रमतगमत वगैरे, ते वाचताना मला जरा हसू येतं. रमतगमत काही चाललेलं नसतं. प्रत्येक मिनिटामागे कुणीतरी उभं असतं: ढकलणारं, वाकून जोडणी करणारं, हिरवा दिवा धरून भिजणारं, जळवा काढत गढूळ पाणी शोधणारं. निवांतपणा फक्त बाकावर बसलेल्याचा.

उतरताना तर हे आणखी जाणवतं. चढताना गाडी थांबली तर फार तर उशीर होतो. उतरताना ती थांबली नाही तर काय करायचं, हा प्रश्न असतो. म्हणून कॅसलरॉकला खाली निघण्याआधी ब्रेक तपासतात, डब्याडब्याशी वाकून. वाटेत कॅच सायडिंग आहेत: मुख्य रुळातून फुटून चढावर जाऊन संपणारा एक आंधळा रूळ. गाडी ताबा सुटून आली तर ती त्या चढावर चढून दमावी यासाठी. रूळ बदलणारा सांधा एरवी त्या आंधळ्या रुळाकडेच वळवलेला असतो. तुमची गाडी आधी पूर्ण थांबून दाखवते, मग तिला खालची वाट मिळते. मला ही पद्धत फार आवडते. आधी थांबता येतं हे सिद्ध कर, मग जा. गोव्यातल्या भाड्याच्या मोटारींना लावून बघायला हरकत नाही. कुळ्याला गाडी पोचते तेव्हा चाकांपाशी तापलेल्या लोखंडाचा वास असतो आणि पाऊस त्यावर पडून बारीक वाफ निघते.

सोनावळी सुटली की बोगदे सुरू होतात. पोरं ओरडतात, मोठी माणसं त्यांना गप्प करतात आणि पुढच्या बोगद्यात स्वतः ओरडतात. बोगद्याच्या भिंती बघाव्यात, म्हणजे दिव्याचा उजेड पडतो तेवढ्या. सुरुंगाच्या सळईचे ओरखडे त्या दगडात अजून दिसतात. हे बोगदे कुणी पाडले त्यांची नावं कुठे नाहीत. त्या काळी घाटात हिवतापाने माणसं पटापट जात, त्यांतली किती इथल्या मातीत आहेत ते माती जाणे. बाहेर आलं की भेरल्या माडांचे झुबके, वेळूची बेटं, उंच किंदळ, आणि प्रत्येक झाडावर दुसरं झाड. हे सगळं भगवान महावीर अभयारण्य, 240 चौरस किलोमीटरचं. गवा एकदाच दिसला, रुळापासून इतका जवळ की त्याच्या पाठीवरून पाणी ओघळताना दिसत होतं, आणि त्याने गाडीकडे ढुंकूनही बघितलं नाही. पांढरे मोजे घातल्यासारखे पाय चिखलात रोवून तो आपलं चरत होता. धनेश दिसण्याआधी ऐकू येतो. पंखांचा आवाज एवढा मोठा असतो.

आणि दूधसागर. त्याच्याबद्दल मी काय लिहू? 310 मीटर उंचीवरून मांडवीचं पाणी टप्प्याटप्प्याने पडतं, मधल्या टप्प्यावरून रेल्वेचा कमानींचा पूल जातो, वरचं पाणी पुलाखालून निघून खाली कोसळतं. आधी तो दरीपलीकडून समोर दिसतो आणि मग गाडी वळसा घेऊन थेट त्याच्या अंगावर जाते. तुषार खिडकीतून आत येतात, फोन भिजतात, कुणाचा तरी चष्मा धुकटतो. पावसाळ्यात तो पांढऱ्या रंगाचा नुसता गोंधळ असतो. मला विचाराल तर नोव्हेंबरात बघावा. पाणी आटोक्यात आलेलं असतं, खडकाचे थर दिसतात, धारा वेगवेगळ्या मोजता येतात. पण नोव्हेंबरात मला कुणाचा फोन येत नाही.

इथे उतरायला बंदी आहे, आणि ती असावी या मताची मी आहे. पुलावरून, बोगद्यातून, रुळांच्या मधून माणसांचे थवेच्या थवे चालत येतात, कानात गाणी. 2023 च्या जुलैत असेच रुळावरून चालत गेलेल्यांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. रेल्वेने शेवटी हात जोडून सांगितलं की बाबांनो, डब्यात बसूनच बघा. त्या सोलापूरकराला मी याबद्दल विचारलं नव्हतं, पण त्याच्या रुळांवर चिप्सच्या पिशव्यांचं काय करायचं हा त्याच्या कामात भर पडलेला प्रश्न आहेच.

2020 मध्ये या घाटात दुसरा रूळ टाकायचा विषय पेटला. त्याच्याच जोडीला मोल्याच्या, म्हणजे याच अभयारण्याच्या, जंगलातून विजेची मोठी लाइन आणि महामार्गाचं रुंदीकरण. टाळेबंदीचा काळ, माणसं घरात आणि कागद मात्र भराभर पुढे सरकलेले. सपाटीवर काही भागात दुसरा रूळ पडलाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला याविरुद्ध चांदर गावात रात्रभर हजारो माणसं जमली, मेणबत्त्या घेऊन, घुमटं वाजवत. आमच्या गल्लीतूनही गाड्या भरून गेल्या. पुढे न्यायालयाने नेमलेल्या समितीने घाटातल्या दुपदरीकरणाची गरज पटत नाही असा अहवाल दिला, आणि 2022 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तिनईघाट-कॅसलरॉक-कुळे या टप्प्याला मिळालेली वन्यजीव मंडळाची परवानगी रद्द केली.

समितीच्या म्हणण्यातला एक मुद्दा मला बाकाबसल्या पटलेला होता. घाटातली अडचण रूळ कमी असल्याची नाहीच मुळी, ती चढणीची आहे. दुसरा रूळ टाकला म्हणून सदतीसला एकचा चाळीसला एक होत नाही. त्या रुळावरही बँकर लागणार, उतरताना तसंच थांबत थांबत यावं लागणार. शंभर वर्षांहून जास्त काळ वेगवेगळ्या सरकारांनी या घाटातून जास्त माल काढायचा प्रयत्न केला. 1990 च्या दशकात गाड्या बंद ठेवून मीटर गेजचं ब्रॉडगेज केलं, इंजिनं बदलली, ताकद वाढली. डोंगराने प्रत्येक वेळी तेवढाच उतार समोर ठेवला.

याची दुसरी बाजू नाही असं नाही. सोनावळीला तासभर खोळंबल्यावर माझी चिडचिड होतेच, आणि लोंढ्याला पुढची गाडी चुकणार असलेल्या, आजारी माणसाला बेळगावच्या इस्पितळात नेणाऱ्या कुटुंबाला मी जंगलाबद्दल व्याख्यान देणार नाही. कोळशाच्या गाडीला आधी वाट आणि माणसांच्या गाडीला नंतर, हा क्रम बदलायला मात्र दुसरा रूळ लागत नाही. तो एका टेबलावर बसून बदलता येतो. तेवढं करून बघा आधी, मग बोलू.

करंझोळला म्हातारी उतरली. प्लॅटफॉर्म कमी उंचीचा, म्हणून हुबळी-गदगच्या त्या तरुणाने तिची नारळांची गोण खाली घेतली आणि परत येऊन बसल्यावर पहिल्यांदा खिडकीबाहेर पाहिलं. मग पुन्हा फोन काढला, पण रेंज नव्हती.

कॅसलरॉकला हवा बदलते. खाली कुळ्यात अंगाला चिकटणारी हवा, इथे पाठीवर ओढणी घ्यावीशी वाटते. धुकं रुळावरच उतरलेलं. मागची इंजिनं सोडवतात. तीच वाकणी, तोच फडका, फक्त उलट्या क्रमाने. ती बाजूच्या रुळावर जाऊन उभी राहतात, खालून बोलावणं येईपर्यंत. जिथे आजीच्या नेवऱ्या मोडल्या असतील ती जागा शोधायचा मी एकदा प्रयत्न केला. स्टेशनमास्तरांनी आदराने ऐकून घेतलं आणि जुन्या दगडी इमारतीकडे हात केला. त्यांनाही माहीत नसावं, पण मला रिकामं पाठवायचं त्यांच्या जिवावर आलं असेल. कॅसलरॉकचा चहा गोड असतो, घाटावरचा. पेला छोटा, साखर मोठी.

इथे फोनला एखादी काडी येते. तेवढ्यात मावशीचा फोन वाजतोच.

"काय गे, कुठं पोचलीस?"

"कॅसलरॉक."

"आत्ता कुठं कॅसलरॉक? सकाळी सातला निघालीस न्हवं?"

"सोनावळीला थांबवली होती."

"मग भात लोंढा सुटल्यावरच लावायचा म्हण की," असं म्हणून तिने फोन ठेवला.